निळ्या धाग्याचा दोर

कुरेने, पाखोन महिना, दिवस अठरावा
नीरो कैसराचं चौदावं वर्ष

हेराइसकडून अलेक्झांड्रियाला, तैसिस वहिनीस.

वहिनी, एरवी मी आधी तुझी नि होरियोनची खुशाली विचारते आणि मग आमचं रडगाणं सुरू करते. आज ते जमत नाही. खारे मासे घेऊन आलेल्या एका तांडेलाने काल खालच्या बंदरावर सांगितलं, की तुमच्या शहरात मार्क गुरुजींना मारलं. गळ्यात दोर घालून रस्त्यातून ओढलं म्हणे. मी त्याला म्हटलं, "तू दारू प्यायलास." तो म्हणाला, "बाई, प्यायलो असतो तर बरं झालं असतं."

गुरुजी आमच्या मातीतले. त्यांच्या बापाची गुरं ज्या टेकडीवर चरायची, ती माझ्या दारातून दिसते. इथे गुरुजींना मानणाऱ्या आमच्या मंडळीत चाळीस-बेचाळीस माणसं आहेत, आणि प्रत्येक जण वेगळंच ऐकून आलाय. कोणी म्हणतं आकाशातून आग आली, कोणी म्हणतं तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून सगळ्यांनी मला सांगितलं, तुझी वहिनी तिथे राहते, शहाणी आहे, स्वतःच्या हिमतीवर अक्षरं शिकलेली आहे, तिला लिही. तू जे डोळ्यांनी पाहिलंस तेच लिही. ते प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचलं जाईल.

दुसरी गोष्ट होरियोनची. माझ्या मालकांची दृष्टी आता पार गेली. दोरांचा धंदा मी एकटी रेटते. तू मागे म्हणाली होतीस, दादा गेल्यापासून पोराचं तिथे मन लागत नाही, त्याला इकडे पाठवते. हिवाळ्यात जहाजं बंद व्हायच्या आत पाठव. बावीस वर्षांचा गडी, आईच्या पदराखाली किती दिवस ठेवशील? त्याला इथे घर आहे, काम आहे आणि त्याला ओरडायला आत्या आहे.


अलेक्झांड्रिया, पायनी महिना, दिवस तिसरा
नीरो कैसराचं चौदावं वर्ष

तैसिसकडून हेराइसला.

बरी अस. तांडेल प्यायलेला नव्हता.

शहाणी वगैरे मी नाही. बंदरातल्या रांजणांवर लिहिलेली मालाची नावं वाचत वाचत मी अक्षरं शिकले. त्यामुळे तेल, मासळी आणि डांबर हे शब्द मला चांगले येतात, बाकीचे शब्द वेडेवाकडे असतील. ज्याला वाचायला द्याल त्याने सुधारून घ्यावं.

तुझा दादा होता तेव्हा गुरुजी आपल्या अंगणात यायचे, हे तुला माहीत आहे. पहिल्यांदा आले ते गाढवासाठी दोर न्यायला. मग बसले. मग तुझ्या दादाने त्यांच्या हातात फिरकी दिली आणि म्हणाला, "गुरुजी, बोलता बोलता पीळ द्या, म्हणजे दोघांचं काम होईल." त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. होरियोनने तेव्हाच विचारलं, की हे कशाने. ते हसून म्हणाले, "तुझ्यापेक्षा लहान होतो. बैल आवरताना दोर हाताला गुंडाळला. बैलाने झटका दिला, बोट त्याच्याबरोबर गेलं." तुझा दादा म्हणाला, "आमच्या धंद्यात हा पहिला धडा. दोर हातात धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. सुटला तर सुटू दे." ते दोघं खूप हसले होते.

आता त्या दिवसाचं. तुमच्या मंडळीचा पुनरुत्थानाचा सण आणि सेरापिस देवाची जत्रा या वर्षी एकाच दिवशी आली. गुरुजी समुद्राकाठच्या गोठणीत सगळ्यांना घेऊन प्रार्थना करत होते. तिथे पूर्वी गुरं बांधत, आता त्यांची मंडळी भरते. देवळाकडून माणसं आली आणि त्यांनी त्यांना तिथूनच उचललं. मी गच्चीवर होते. आमच्या गल्लीच्या तोंडावरून त्यांना ओढत नेलं. माणसं ओरडत होती, "गोठणीतल्या बैलाला ओढा." दगडी फरसबंदीवर माणूस ओढला की कसा आवाज येतो ते मी लिहिणार नाही. मंडळीत बायका असतील, लेकरं असतील.

संध्याकाळी त्यांना कोठडीत टाकलं. दुसऱ्या सकाळी परत बाहेर काढलं आणि परत ओढलं. दुपारच्या आत जीव गेला. प्रेत जाळायला लाकडं रचली, पण समुद्रावरून वादळ उठलं, असा पाऊस पडला की माणसं पळाली. मग त्यांच्या लोकांनी देह उचलला आणि गोठणीजवळच्या खडकात ठेवला. आकाशातून आग आली नाही. पाणी आलं.

होरियोन त्या दोन्ही दिवशी घरीच होता. त्याला ताप होता. आता बरा आहे. जहाज बघते आणि पाठवते.


कुरेने, एपेफ महिना, दिवस दुसरा

हेराइसकडून तैसिस वहिनीस.

वहिनी, तुझं पत्र वाचलं. मीच वाचलं, दुसऱ्या कुणाला दिलं नाही. फिरकीची गोष्ट आली तेव्हा सगळे हसले, आणि हसता हसताच रडायला लागले. त्या बैलाची गोष्ट खरी आहे. इथला एक म्हातारा गुराखी म्हणाला, "तो बैल मी पाहिलाय, तांबडा होता, शिंग मोडकं होतं." बेचाळीस माणसांत एवढा एकच उठून म्हणाला की मी पाहिलंय. त्याचा भाव कसा वाढला असेल बघ!

तुझा एक शब्दही आम्ही सुधारला नाही.

आता मंडळीला अजून विचारायचं आहे. गुरुजी काही बोलले का? कुणी जवळून ऐकलं का? ओढणारी माणसं कोण होती? नावांसाठी नाही विचारत. गुरुजी शिकवायचे तसं त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आहे. पण खरं सांगू? माझ्याने ती होत नाही. सगळ्यांबरोबर तोंड हलवते. त्यांच्यातला एक जरी माझ्या दारात आला, तर मी त्याला पाणी देणार नाही.

गोठणीच्या लोकांनी त्या दोराचे तुकडे करून गावोगावच्या मंडळ्यांना पाठवलेत असं ऐकलं. आमचा तुकडा एका कापडवाल्याबरोबर निघालाय. आला की कळवते.

होरियोनची खोली सारवून ठेवली आहे. त्याला अजून कांदे लागतात का जेवताना, की मोठा झाला?


अलेक्झांड्रिया, एपेफ महिना, दिवस अठ्ठाविसावा

तैसिसकडून हेराइसला.

तुझं पत्र मिळालं. घाईत लिहिते आहे, पत्र नेणारा माणूस दारात उभा आहे.

गुरुजी काय बोलले ते मला ठाऊक नाही. ओढणारी माणसं कोण होती तेही नाही. जत्रेतली गर्दी, कुणाचं तोंड कोण लक्षात ठेवतं? दोर म्हणशील तर या शहरात दोर वळणारी चाळीस घरं आहेत. त्या तुकड्याचं एवढं काय करायचं? दोरच तो. गुरुजी जे शिकवून गेले ते धरा, असं मला वाटतं. मी तुमच्यातली नाही, दीक्षेच्या पाण्यात उतरलेली नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

रोममध्ये नीरो मेला म्हणतात, म्हणून वर कैसराचं नाव घातलं नाही. नवीन कोण ते ठरलं की घालीन.

होरियोन थोत महिन्यात निघेल. कांदे खातो. फारसं बोलत नाही, तेवढं सांभाळून घे.


कुरेने, मेसोरे महिना, दिवस विसावा

हेराइसकडून तैसिसला.

तुकडा आला.

हातभर लांबीचा आहे. कापडवाल्याने तो तागाच्या फडक्यात गुंडाळून आणला. मंडळीतल्या सगळ्यांनी ओळीने ओठ लावले. माझी पाळी शेवटची होती. मी हातात घेतला आणि माझी बोटं, सवयीने, टोकाचा पीळ उकलून बघायला लागली. दोर वळणाऱ्याच्या पोरीला दुसरं काय सुचणार?

तीन पेड. मधल्या पेडात एक निळा धागा.

वहिनी, बाबांनी तो धागा घालायला सुरुवात केली तेव्हा मी सात वर्षांची होते. आपल्या घरचा दोर कुठेही ओळखता यावा म्हणून. रंगाच्या मडक्यात तो धागा मीच बुडवायची. लग्न होऊन इकडे आले तेव्हाही माझ्या नखांत निळं होतं. चाळीस घरं असतील, पण त्यांतल्या एकाच घराचा धागा निळा आहे.

मी कुणाला काही बोलले नाही. तुकडा परत फडक्यात बांधला. पण प्रार्थनेच्या वेळी मी बाहेर जाऊन बसले.

तू दोर विकलास हा गुन्हा नाही. दोर वळणारा दोर विकणारच. पण मग तू लपवलंस का? तुला मी ओळखते. तू लपवतेस तेव्हा तुझी पत्रं आखूड होतात. ताप आलेल्या होरियोनला जरा विचार, की आत्या विचारते आहे, तू त्या दिवशी कुठे होतास. उत्तर आल्याशिवाय त्याला जहाजावर चढवू नकोस.


अलेक्झांड्रिया, थोत महिना, दिवस सहावा

तैसिसकडून हेराइसला.

हे पत्र होरियोन घेऊन येतो आहे. उत्तर आल्याशिवाय पाठवू नकोस म्हणालीस. उत्तरच त्याच्या हातून पाठवते. त्याला वाचता येत नाही, म्हणून बंद करण्याआधी मी त्याला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवणार आहे. त्याला न कळता त्याच्याच हातून पाठवलं तर ती आणखी एक फसवणूक होईल.

दोर मी दिला. जत्रेच्या सकाळी एक माणूस अंगणात आला. म्हणाला, "ओ दोरवाल्या बाई, बैल ओढायला दोर हवाय." मी विचारलं, "किती वजनाचा बैल?" तो म्हणाला, "चांगला माजलाय." बाहेर उभे असलेले लोक हसले. मी म्हटलं, "मग दुपेडी नेऊ नका, तिपेडी न्या. दुपेडी तुटेल." मी स्वतः भिंतीवरून काढून दिला. जत्रेत बैल मिरवतात, मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. ती माणसं का हसली, हे मला दुपारी गच्चीवर कळलं.

माझं एवढंच असतं तर मी पहिल्याच पत्रात लिहिलं असतं.

गर्दी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा दोर धरलेल्या माणसांत होरियोन होता. सगळ्यात मागचा, म्हणजे गुरुजींच्या सगळ्यात जवळचा. मी वरून हाक मारली. आवाज पोचला नाही, की त्याने ऐकला नाही, कोण जाणे.

का, असं विचारशील. तुझा दादा आजारी होता तेव्हा गुरुजी एकवीस दिवस आपल्या अंगणात बसून होते. हात ठेवायचे, प्रार्थना करायचे. होरियोन त्यांच्यासाठी पाणी आणायचा, पाय धुवायचा. त्याची खात्री होती की बाप उठणार. बाविसाव्या दिवशी तुझा दादा गेला. त्या दिवसापासून होरियोनने गुरुजींचं नाव घेतलं नाही. मला वाटलं दुःख आहे, ओसरेल.

त्या संध्याकाळी तो घरी आला. मी हात धुवायला पाणी दिलं. हेराइस, एवढं ओढून त्याच्या तळव्यावर ओरखडा नव्हता, मनगटावर वळ नव्हता. आपल्या घरातले हात, राठ आणि सराईत. इतर माणसांचे हात सोलवटले होते, दोघांची तर मनगटं सुजली होती. माझ्या पोराने इतक्या सफाईने ओढलं की त्याला काहीच झालं नाही. मी तांब्या तिथेच ठेवून आत गेले. दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. दोर भिजवायच्या हौदाशी दिवसभर बसून राहिला. तेव्हापासून त्याने दोराला हात लावलेला नाही. "गुरुजी काही बोलले का?" हे मीही त्याला एकदा विचारलं. तो उठून बाहेर गेला.

त्याला इथून बाहेर काढायचं म्हणून मी खोटं लिहिलं. गोठणीतल्या दोघा-तिघांनी त्याला ओळखलं आहे. ते काही करत नाहीत. रस्त्यात भेटले की त्याला हात जोडतात. त्याने तो वेडा होईल.

तू पाणी देणार नाही असं लिहिलंस. तुझं दार आहे. पण तो दारात उभा राहील तेव्हा पत्र आधी वाच आणि मग ठरव. आणि हे पत्र मंडळीत वाचायचं असेल तर वाच. गाळू नकोस काही.


कुरेने, फाओफी महिना, दिवस बारावा

हेराइसकडून तैसिस वहिनीस.

वहिनी, तो आला. दारात उभा राहिला, पत्र पुढे केलं आणि म्हणाला, "आत्या, आधी वाच." मी उभ्यानेच वाचलं. वाचून झालं तरी मला आत ये म्हणवेना. माझे मालक आतून ओरडले, "कोण आलंय? तुझ्या दादाच्या पोरासारखा खोकतोय." आंधळ्या माणसाने ओळखलं तेव्हा मी बाजूला झाले. पाण्याचा तांब्या मालकांनीच चाचपडत आणून त्याला दिला. माझ्या हातून नाही दिला गेला. हे तुला खरं सांगते.

रविवारी त्याला मंडळीत नेलं. तुझं पत्र वाचलं, सगळं, काही गाळलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बघत बसला होता. मग तो म्हातारा गुराखी उठला आणि त्याच्यापुढे जाऊन बसला. म्हणाला, "पोरा, तू जवळ होतास. आम्ही कुणीच नव्हतो. ते काही बोलले असतील तर ते तुझ्याकडेच आहे. आम्हाला दे."

होरियोनने मान वर केली आणि बोलला. त्याचे शब्द मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवले, ते इथे उतरवते.

"देवळाच्या चढावर दोर हातातून सरकायला लागला. सगळ्यांनी घट्ट धरायला म्हणून तो मनगटाला वेटाळला. मीही वेटाळला. मागे बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. तोंडात माती होती. त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं शाप देतील, नाहीतर बापाचं नाव काढतील. ते म्हणाले, होरियोन, मनगटाला गुंडाळू नकोस. झटका बसला तर हात जाईल."

"मग तू काय केलंस?" गुराख्याने विचारलं.

"मी वेढा सोडला," होरियोन म्हणाला. "वेढा सोडला, आणि नुसत्या हातांनी धरून ओढत राहिलो. दोर नाही सोडला. तेवढं माझ्याने झालं नाही."

वहिनी, तू त्याचे न सोललेले हात बघितलेस आणि तुला वाटलं सफाईने ओढलं. ते हात गुरुजींनी वाचवलेले आहेत. म्हणूनच त्याला ते दोराला लावता येत नाहीत. आणि म्हणूनच गुरुजी काय बोलले ते त्याला तुझ्यापाशी सांगता येत नव्हतं.

नंतर मी दोराचा तुकडा आणला. सगळ्यांच्या हाताळण्याने त्याची टोकं उसवली होती, एकेक तंतू गळत होता. मी त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "हे बांधायला आमच्यात कुणाला येत नाही." मला येतं, तुला ठाऊक आहे. त्याने फार वेळ लावला. पण दोन्ही टोकं त्याने गच्च बांधली, बाबा बांधायचे तशी.

मग मी त्याला पाणी दिलं.

तो राहील असं मला वाटलं होतं. नऊ दिवस राहिला. दहाव्या सकाळी त्या गुराख्याबरोबर गुरं घेऊन दक्षिणेच्या कुरणांकडे गेला. पावसाळ्यात परततील म्हणतो गुराखी, पण होरियोन परतीचं काही बोलला नाही. तुझ्यासाठी निरोप दिला. "आईला सांग, मनगट धड आहे. का धड आहे, ते तिला सांग."

खोली तशीच आहे.


अलेक्झांड्रिया, पाखोन महिना, दिवस दुसरा

तैसिसकडून हेराइसला.

एका वर्षात तीन कैसर झाले आणि चौथा येतोय म्हणतात. कैसराचं नाव घालायचं मी सोडून दिलं.

परवा गुरुजींना जाऊन वर्ष झालं. मी गोठणीत गेले. गेल्या वर्षी होती त्याहून माणसं जास्त आहेत, मला उभं राहायला दाराशी जागा मिळाली. मारणाऱ्यांना वाटत होतं की गुरुजींना मारून टाकलं म्हणजे माणसं पांगतील. देवळाजवळच्या भाजीवालीचा नवरा ओढणाऱ्यांत होता, त्याचं मनगट वाकडं झालंय. तीही आली होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं. ती सरकली आणि तिने मला जागा दिली.

त्यांनी मला कुरेनेहून आलेलं पत्र वाचायला सांगितलं. मी तुझं फाओफी महिन्यातलं पत्र वाचलं, सगळं. त्याआधी उभी राहून म्हटलं, "दोर माझ्या घरचा होता. ओढणाऱ्यांत माझा मुलगा होता." या वेळी शब्द पोचले.

त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या माणसांनी विचारलं, "बाई, तू पाण्यात कधी उतरणार?" मी म्हटलं, "होरियोन आला की दोघं एकदम."

पावसाळा जाऊन आता किती दिवस झाले. गुराखी परतला का, ते तू लिहिलं नाहीस. तुझी पत्रंही आखूड झाली आहेत, हेराइस. मला कळतं. जे असेल ते लिही, मी वाचू शकते.

धंदा चालू आहे. रोजावर तीन बायका ठेवल्यात. निळा धागा काढून टाकावा असं मनात आलं होतं, पण नाही काढला. दोर आपल्या घरचा आहे हे ज्याला ओळखायचं त्याला ओळखता यायला हवं. नवीन बाई कामाला आली की मी तिला आधी एकच गोष्ट शिकवते. दोर हातात धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. काल एकीने विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला, मालकांनी?"

मी म्हटलं, मालकांनी गुरुजींना शिकवलं, आणि गुरुजींनी माझ्या मुलाला. मग फिरकी थांबवून तिला सगळं सांगितलं.